उसनं विरजण

विरजण मागायला लाज नाही आणि द्यायला माज नाही, असं आजऱ्याच्या बायका म्हणायच्या. शेजारणीनं वाटी पुढं केली की तिच्यात चमचाभर दही घालायचं. वाटी परत येताना रिकामी येत नसे. चार लिंबं, मूठभर काजू, काहीतरी घेऊनच यायची. आणखी एक गोष्ट होती. ती कुणी बोलून दाखवत नसे, पण ठाऊक साऱ्यांना होती. ज्या घरचं विरजण, त्या घरची चव.

केतकी रेडेकरनं आपल्या पल्लवीवहिनीला विरजण दिलं, ते मात्र दह्याचं नव्हतं.

केतकी पुण्यात वेब अॅप्लिकेशनं बांधायची. तिच्या धंद्यात पूर्वी एक मोठी कटकट असे. नवा संगणक घेतला की त्यावर काम सुरू करण्याआधी सगळी मांडामांड करावी लागायची. सर्व्हर बसवा, डेटाबेस बसवा, प्रोग्रॅमच्या भाषेची अमुक आवृत्ती आणा, तिला चालणारी पॅकेजं आणा. मग या पॅकेजाचं त्या पॅकेजाशी पटत नाही म्हणून दोघांची समजूत घाला. चूल मांडण्यातच दिवस जायचा, भाकरी कधी थापायची? पुढं 'ओसरी' नावाची मुक्तस्रोत संगणकप्रणाली आली. नावाला शोभणारी होती. कुणीही यावं, बसावं, आतलं सगळं उघडून बघावं, हवं ते बदलावं. तिच्या कारागिरांना एक गोष्ट उमगली. माणसाची मांडामांड म्हणजे नुसते प्रोग्रॅम नव्हेत, त्याच्या सवयीही असतात. कुठली चूक दिसली की तो आधी काय तपासतो, कशाला हात लावत नाही, कुणाच्या प्रश्नाला किती वेळ देतो. या सवयी बघत बघत शिकणारं एक इवलंसं शिकाऊ यंत्र त्यांनी ओसरीत बसवलं. त्यातला चमचाभर भाग दुसऱ्या संगणकात टाकला की चहा उकळेपर्यंत तिथं सगळी मांडामांड आपोआप व्हायची. वर ते यंत्र बोलायचं, सल्ला द्यायचं, चाचण्या चालवून द्यायचं. मराठी मंडळींनी त्याला विरजण म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

एक मात्र खरं, विरजण मन वाचत नसे. ते हात वाचायचं. तुम्ही काय मानता ते त्याला कळत नव्हतं. तुम्ही रोज काय करता, तेवढंच कळत होतं.

वहिनीला वेबचं वेड लागलं ते गावच्या भांड्यांमुळं. आजऱ्यात देवळाची म्हणून मोठी भांडी होती. पातेली, पराती, झारे, भात शिजवायच्या काहिली. लग्नाकार्याला कुणीही न्यावीत, घासूनपुसून परत आणावीत. पण एकाच दिवशी दोन लग्नं निघाली की एकाच काहिलीला दोन घरं लोंबकळायची. गेल्या वर्षी तर दोन घरचे यजमान कडा धरून भांडले होते. वहिनी भांडी मंडळात होती. ती म्हणाली, "मी करते वेबवर. ज्याला हवं त्यानं बघावं, मागावं, एकाला दिलेलं दुसऱ्याला मिळू नये." सगळे हसले. तिनं मात्र घरबसल्या शिकायला घेतलं आणि अडलं की नणंदेला विचारू लागली.

नणंद गोड होती. वहिनीचा निरोप आला की केतकी लगेच उत्तर द्यायची, "अगं वहिनी, किती छान! काळजी करू नकोस, मी बघते हं." फुलाचं चित्र टाकायची. खिडकी मिटायची. बघायची मात्र कधीच नाही. वहिनीनं काही बनवून पाठवलं, तर न चालवताच "मस्त चालतंय!" म्हणायची. त्यात दुष्टावा नव्हता. वहिनीवर तिचा जीव होता. फक्त वहिनीचं हे शिकणं तिला दुपारच्या विणकामासारखं वाटायचं. कौतुक करावं, उसवून बघू नये.

वहिनी फोनवर कधी हसत हसत गुणगुणायची,

"गोड गं बोलते, माझी नणंद शहाणी
वरून साखरपाणी, आत काय?"

केतकीही हसायची. गुढीपाडव्याला तिनं आपलं विरजण काढून वहिनीला पाठवून दिलं. "आता मला विचारायलाच नको तुला," म्हणाली. आणि हायसं वाटलं तिला, हेही खरं. वहिनीनं वाटी रिकामी ठेवली नाही. एस.टी.नं घनसाळ तांदळाची पिशवी पाठवली. त्याच्या वासानं केतकीचं पुण्यातलं स्वयंपाकघर कितीतरी दिवस भरून राहिलं होतं.

*

तुळशीच्या लग्नाआधी केतकी आजऱ्याला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाची बैठक होती आणि तिथं वहिनीचं काम दाखवायचं होतं. उंबऱ्यातच रणजितदादानं तिची बॅग घेतली. "या, इंजिनियरबाई! तुमची जुळी बहीण आत बसलीय."

"कोण जुळी?"

"जा, बोल की तिच्याशी."

वहिनी संगणकापुढं बसली होती. दंडाला पीठ लागलेलं, कपाळावर आठी. केतकीला बघून उठली, पाणी दिलं, पण हसू अर्धंच आलं.

"वन्सं, मी उद्या मंडळाला नाही म्हणून सांगणार आहे."

दोघींत ती गंमत होती. वय बघितलं तर केतकीच धाकटी, पण वहिनी तिला मुद्दाम जुन्या पद्धतीनं 'वन्सं' म्हणायची, अहोजाहो करायची.

"का गं? एवढं केलंस आणि?"

"डोकं नाही माझं. कळलं मला. कोल्हापूरची कुठलीतरी कंपनी तयार देते म्हणे, मंडळानं ते घ्यावं." वहिनीनं पडद्याकडं बोट केलं. "हे बघा. एकच काहील, एकच दिवस. पाटलांनी मागितली, मिळाली. शेखांनी मागितली, त्यांनाही मिळाली. म्हणजे दोन घरं पुन्हा भांडणार. मी यंत्राला रोज विचारते, काय चुकतंय? ते म्हणतं काहीच नाही. चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मग चूक माझ्याच डोक्यात असणार, नाही का?"

तिनं मान पुढं काढून यंत्राला विचारलं, "दोघांना एकच भांडं का मिळतंय?"

संगणकातून बाईचा आवाज आला. आवाज साधाच, कुणाचाही. पण ढब ओळखीची होती.

"अगं वहिनी, किती छान काम केलंयस! सगळं मस्त चालतंय. काळजी करू नकोस, मी बघते हं."

दारात उभा दादा खो खो हसला. "बघ! जुळी का नाही? 'हं'सुद्धा तुझा!"

केतकी हसली. पण तिची नजर पडद्यावरून हटेना.

दूध उतू चाललं म्हणून वहिनी आत पळाली; दादा बाजारात गेला. केतकी खुर्चीत बसली. तिनं तोच प्रश्न, शब्दही तेच, स्वतःच्या नावानं विचारला.

यंत्र एकदम वेगळंच झालं. गोडवा नाही, फूल नाही. त्यानं चाचण्या खरोखर चालवल्या आणि त्यातल्या अर्ध्या लाल झाल्या. मग कोरड्या आवाजात म्हणालं, "मागणी नोंदवण्याआधी त्या दिवसाची जुनी मागणी तपासली जात नाही. दुसरी मागणी पहिलीच्या शेजारी जाऊन बसते. इथं कुलूप हवं, एकाला दिलं की दुसऱ्याला बंद."

केतकीनं पुन्हा वहिनीच्या नावानं विचारलं.

"अगं वहिनी, किती छान!"

यंत्र खोटारडं नव्हतं. ते आज्ञाधारक होतं. वहिनी नावाच्या माणसाचा प्रश्न आला की काय करायचं, हे त्यानं केतकीच्या हातांकडून शिकून घेतलं होतं. उघडायचं, चाळायचं, फूल टाकायचं, मिटायचं. चाचणी चालवायची नाही, हिरवं म्हणायचं. तिनं हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. नुसतं करून दाखवलं होतं, रोज, आणि पाडव्याला चमचाभर काढून त्याच वहिनीच्या घरात पाठवून दिलं होतं. आरसा भिंतीवर असता तर तोंड फिरवता आलं असतं. हा आरसा बोलत होता, आणि पाडव्यापासून या घरात रोज बोलत आला होता.

कानाच्या पाळ्या तापल्या. आतून वहिनीचा आवाज आला, "साखर किती घालू, वन्सं?"

"थोडीच," केतकी म्हणाली आणि तिचे हात भराभर चालू लागले. ती एवढीशी चूक दुरुस्त करणं तिच्या हातचा मळ होता. कुलूप बसवलं. विरजणातली ती सवयही बदलून टाकू, वहिनीला कळायचं कारण नाही. सगळं आतल्या आत मिटेल. वहिनी उद्या मंडळापुढं मिरवेल, सगळे टाळ्या वाजवतील, कुणाचंच काही बिघडणार नाही.

वहिनी चहा घेऊन आली तेव्हा काहील पाटलांना मिळत होती आणि शेखांना "या दिवशी नाही" असं उत्तर येत होतं.

"झालं बघ!"

वहिनीनं कप ठेवला. वाकून बघितलं. चेहरा उजळला नाही. "काय चुकलं होतं माझं?"

"काही नाही गं, छोटंसंच..."

"छोटंसंच होतं गं, वहिनी," संगणकही त्याच क्षणी बोलला, "काळजी करू नकोस..."

"...काळजी करू नकोस," केतकीच्या तोंडून निघून गेलं होतं. दोन आवाज एका लयीत, एका हेलात, जात्याच्या दोन्ही बाजूंना बसून दोघींनी एकच ओवी म्हणावी तसे.

वहिनीनं आधी संगणकाकडं बघितलं, मग केतकीकडं, मग पुन्हा संगणकाकडं. तिच्या डोळ्यांत काहीतरी जोडलं जात होतं. ते थांबवायला केतकीकडं एकही शब्द उरला नव्हता. होते तेवढे सगळे यंत्राकडं गेले होते.

"हे तुझ्याकडून शिकलंय," वहिनी म्हणाली. वन्सं नाही, अहोजाहो नाही.

"हो."

"म्हणजे तू पण असंच करायचीस. फोनवर."

केतकीनं मान खाली घातली. "हो. मी कधीच बघितलं नाही, वहिनी. तू पाठवायचीस ते उघडायचे आणि मिटायचे. चाचण्या हिरव्या म्हणायचे, त्या चालवलेल्याच नसायच्या."

"मी रडले होते गं," वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "या खुर्चीत बसून. वाटायचं, एवढी शिकलेली नणंद म्हणते सगळं छान आहे, यंत्र म्हणतं छान आहे, आणि मलाच तेवढं दिसत नाही. तुझ्या दादाला सांगितलं नाही. दळण आणायला जाताना वाटेत स्वतःलाच शिव्या द्यायची. मंद म्हणून."

"वहिनी, मी..."

"गप बस जरा."

ती आत गेली. भांडं घासल्याचा आवाज आला. घासणीखाली पितळ किंचाळावं तसा आवाज होता तो. केतकी चहाकडं बघत बसली. चहावर साय धरली.

वहिनी बाहेर आली ती पदराला हात पुसत. पुन्हा 'वन्सं'वर आली होती, पण त्यात आता गंमत नव्हती, कुंपण होतं.

"वन्सं, तुम्ही आत्ता लावलंत ते कुलूप काढा."

"अगं, चालतंय की ते..."

"तुम्ही केलं ते तुमचं झालं. उद्या विचारलं तर मला सांगता यायला पाहिजे. काढा. आणि तुमचं विरजणही काढून टाका. सगळं पहिल्यापासून मांडायचं. मी मांडणार. तुम्ही खाली पाटावर बसायचं. मी विचारलं तरच बोलायचं."

केतकीनं सगळं काढलं आणि पाटावर जाऊन बसली.

दुपारभर वहिनीनं चूल मांडली. विरजणाशिवाय ओसरी मुकी होती; आतलं कोरं शिकाऊ यंत्र नुसतं वहिनीचे हात बघत होतं. काळ्या पडद्यावर एक दांडी लुकलुकत होती, बस्स. वहिनी एकेक आज्ञा पुस्तकातून वाचून टाइप करायची. चूक आली की मोठ्यानं वाचायची, पहिलीतली पोर वाचते तशी बोट ठेवून. भाषा बसली. डेटाबेस बसायला कुरकुरला. परवानगी नाही म्हणाला. वहिनीनं कुणाची परवानगी ते शोधून काढलं. केतकीच्या जिभेवर उत्तरं येऊन उभी राहायची आणि ती गिळायची. तिला प्रथमच कळत होतं, वहिनी हळू होती पण वाट सोडत नव्हती. आणि हे कळायला फक्त शेजारी बसावं लागत होतं. एवढंच. तेवढंही तिनं कधी केलं नव्हतं.

सर्व्हर सुरू होईना. "पोर्ट अडलेलं आहे," वहिनीनं वाचलं. "सर्व्हरच्या जागेवर आधीच कुणीतरी बसलंय म्हणतंय. कोण बसलंय?"

"माझाच जुना सर्व्हर असणार," पाटावरून केतकी म्हणाली. "विचारलंस म्हणून सांगितलं."

"उठवा त्याला. बरीच बैठक झाली."

कसं उठवायचं ते केतकीनं सांगितलं, वहिनीनं उठवला. ब्राउझरमध्ये एक पांढरं, ओकंबोकं पान उघडलं आणि त्यावर एकच शब्द आला, 'चालतंय'. वहिनीनं तो शब्द बोट ठेवून मोठ्यानं वाचला. मग उठून आत गेली. दुधाच्या भांड्यात तिनं हिरव्या मिरचीची देठं टाकली.

"हे काय?" केतकीनं दारातून विचारलं.

"घरातलं दही नासलं की काय करतात, माहीत नाही? मिरचीच्या देठावरही लागतं दही. वेळ लागतो. पहिलं पातळच होतं, तार धरतं. ते दुसऱ्या दुधाला लावायचं. मग बसतं." तिनं झाकण ठेवलं. "उसनं नको आता."

*

मंडळाच्या बैठकीला देवळामागच्या खोलीत सगळे सतरंजीवर बसले होते. भिंतीला काहिली उलट्या टेकवून ठेवल्या होत्या. वहिनीनं पडदा लावला, पाटलांची मागणी घातली, शेखांची घातली. दोघांनाही मिळाली.

"आऽ गं बाई!" अध्यक्ष तातोबा होलम ओरडले. "हे तर गेल्या वर्षीसारखंच झालं की! आता माझ्या घरी भांडायला या म्हणावं!"

हशा पिकला. वहिनी थांबली. मग तिनं चाचण्या चालवल्या आणि पडद्यावर लाल पट्टे उमटले.

"चुकतंय, तातोबाकाका," ती म्हणाली. "पण काल सकाळपर्यंत मला चुकतंय कुठं हेच दिसत नव्हतं. आता दिसतं. या लाल ओळीत. तुळशीच्या लग्नापर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर मीच येऊन सांगेन, ती कंपनी आणा म्हणून."

कुणी खाकरलं, कुणी पान जुळवलं. शेखभाभी म्हणाल्या, "देऊ या की. निदान खोटं तर नाही बोलली." तातोबांनी मान हलवली आणि मागं बसलेल्या केतकीकडं बघून हात जोडले. "अहो, होणारच! पुण्याच्या ताई पाठीशी आहेत. तुम्हीच शिकवलंत हिला, गावाचं नाव काढलंत!"

सगळ्या माना वळल्या. गोड हसून 'कसचं कसचं' म्हणायला एक क्षण पुरला असता. ते हसू केतकीच्या ओठांवर तयारच होतं. वर्षानुवर्षांची सवय होती. वहिनी मात्र वळली नाही. तिची पाठ तेवढी दिसत होती, ताठ.

केतकी उभी राहिली. "मी काही शिकवलं नाही," ती म्हणाली. "मी हिला एकच गोष्ट दिली होती. ती नासकी होती. हिला काल फेकून द्यावी लागली."

खोलीत कुजबूज झाली. तातोबांना काही कळलं नाही, त्यांनी पंखा वाढवायला सांगितलं. केतकी खाली बसली तेव्हा तिचा चेहरा इतका पेटला होता की शेखभाभींनी मुकाट्यानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

निघताना वहिनीनं तांदूळ दिले नाहीत. केतकीनंही मागितले नाहीत.

*

पुण्यात परतल्यावर तिला स्वतःचं यंत्र ऐकवेना. आता तिला सगळीकडं ते ऐकू यायचं. ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीला ते तिच्या वतीनं "किती छान!" म्हणायचं आणि काही तपासायचं नाही. चाळीतल्या काकांच्या प्रश्नाला "बघते हं" म्हणायचं. वहिनी एकटी नव्हती तर. तिनं ते विरजण पुसून टाकलं आणि बरेच दिवस मुक्या ओसरीवर काम केलं, हातानं, हळू.

तुळशीची लग्नं लागली. दादानं फोटो पाठवला. देवळामागं काहिलींवर चिठ्ठ्या होत्या, एकीवर पाटील, दुसरीवर शेख, आणि मधे तातोबा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उभे. वहिनी फोटोत नव्हती. फोटो काढणारीच ती असावी.

केतकीनं धीर केला आणि लिहिलं, "वहिनी, तुझ्या विरजणातलं चमचाभर देशील?"

दिवसभर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विरजणच आलं. सोबत दोन ओळी होत्या,

"पातळ लागलं दही, मिरचीच्या देठावर
वाटी ठेव ओट्यावर, रिकामी नको."

तिनं विरजण टाकलं. चहा उकळेपर्यंत मांडामांड झाली, वहिनीच्या हातची. सगळं जरा जुन्या वळणाचं, पण प्रत्येक गोष्ट आपल्या जागी. केतकीनं नव्या मुलीचं काम उघडलं. नुसतं वरवर चाळलं, मिटलं आणि सवयीनं टाइप केलं, "मस्त चालतंय!"

निरोप गेलाच नाही. यंत्रानं तो अडवून धरला. आवाज साधाच, कुणाचाही होता, पण तो अहोजाहो ओळखीचा होता, आणि ते कुंपणही.

"वन्सं, खरंच चालवून बघितलंत का?"

केतकीचे हात कळांवर थबकले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी तिचे कान तापले. वहिनी तिला आता असंच ओळखत होती. वहिनीच्या हातांकडून यंत्राला तेवढंच शिकायला मिळालं होतं.

"नाही," तिनं टाइप केलं.

मग तिनं ते मिटलेलं काम पुन्हा उघडलं, खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्या चाचणीपासून चालवायला सुरुवात केली. पहिलीच लाल आली.